पायाखाली धरलेली सुरी

आर. के. पुरम, नवी दिल्ली
मंगळवार, दि. ४ फेब्रुवारी २०२५

ती. कमलताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

रविवार, दि. २ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आपल्या श्रावस्तीला मिळालेल्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, फरशीवर वर्तमानपत्र पसरून तू माझी जपानी सुरी पायाखाली धरून बसली होतीस. वेळ पक्की आहे. मी दही घेऊन आत आले आणि सवयीने आधी घड्याळाकडे पाहिलं, कारण श्रावस्तीच्या ऑफिसातले चौघे एक वाजता जेवायला येणार होते. सुरीची मूठ तुझ्या पावलाखाली, पातं उभं, धार तुझ्याकडे, आणि बोकडाची अख्खी मांडी तू त्यावर रेटत होतीस. मी ओरडले, तू दचकलीस, मांडी वळली आणि नळीत अडकलेल्या धारेचा टवका उडाला. तो वर्तमानपत्रावर सापडला म्हणून पाहुण्यांचे दात वाचले.

हे मी फोनवर बोलू शकले असते. पण फोनवर तू गप्प बसतेस आणि मला दोघींच्या वाटचं बोलावं लागतं. चौतीस वर्षं मंत्रालयाच्या दक्षता विभागात लोकांना कारणे दाखवा नोटिसा पाठवून मी एक शिकले आहे: तोंडाने सरळ खोटं बोलणारा माणूस कागदावर अडखळतो. म्हणून हा कागद.

ती सुरी काय आहे हे तू आलीस त्याच दिवशी मी तुला सांगितलं होतं, आणि तू मान डोलावली होतीस. तरी पुन्हा सांगते. लेकाकडे, सुजयकडे, ओसाकाला गेले होते तेव्हा तो मला जवळच्या सकाईला घेऊन गेला. तिथे पिढ्यानपिढ्या सुऱ्याच घडवतात. दुकानदाराने आधी माझा हात पाहिला, मग सुरी काढली, आणि पात्यावर त्यांच्या लिपीत माझं नाव कोरून दिलं. ताई, माझं नाव आजवर पगाराच्या चिठ्ठीवर आलं, फायलींवर आलं, दाराच्या पाटीवर नवऱ्याच्या नावाखाली आलं. स्वयंपाकघरातल्या वस्तूवर ते पहिल्यांदा आलं. आई मला विळीपाशी बसू देत नसे; नन्सच्या शाळेत जाणाऱ्या मुलीच्या बोटांना शाई लागावी, रक्त नको, असं तिचं म्हणणं. नंतर सासूबाईंनी बसू दिलं नाही, कारण मी चिरलेली भाजी त्यांना बघवत नसे. साठीनंतर मी चिरायला शिकले ते या सुरीवर.

ती स्टेनलेसची नाही. कांदा चिरून पाच मिनिटं तशीच ठेवली की डाग धरते, रात्रभर ओली राहिली की गंजते. मी ती चिरता चिरता पुसते. तिला खाली लाकडी पाट लागतो, ओट्याचा दगड नाही. हाड आणि फ्रीजरमधलं गोठलेलं काही तिला दाखवायचंही नाही. त्या बदल्यात ती टोमॅटोत नुसत्या स्वतःच्या वजनाने उतरते, आणि तिने चिरलेली कोथिंबीर संध्याकाळपर्यंत काळी पडत नाही. दर रविवारी मी पाण्यात भिजवलेल्या दगडावर तिला धार लावते. श्रावस्ती म्हणते, मम्मी, आमच्या शाळेच्या बुटांना तू कधी पॉलिश केलं नाहीस.

जेवताना पाहुण्यांसमोर मी जे बोलले ते बोलले. पायाने स्वयंपाक गावाकडे करतात, इथे नाही, असं मी म्हटलं. त्यावर पंधरवड्याचा मुक्काम सोडून तू दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघून गेलीस, हा माझ्या मते दुसरा गुन्हा.

तरी खुलासा करावा. खाटीक कापून देतो हे श्रावस्तीने दोनदा सांगितलं असता अख्खी मांडी का आणवली? ओटा आणि पाट असताना फरशी का? आणि हात असताना पाय का? पंधरा दिवसांत लेखी कळव.

लोभ आहेच. चौकशी चालू असेपर्यंत तुझ्याकडूनही तो थांबू नये.

भानू


नागपूर
शनिवार, दि. १५ फेब्रुवारी २०२५

चि. भानूस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

अक्षर शेजारच्या लुंबिनीचं, मजकूर माझा. माझ्या चष्म्याचा नंबर बदलला आहे आणि नवा अजून यायचा आहे. तुझी नोटीस तिनेच मोठ्याने वाचून दाखवली. बोकडाच्या मांडीपाशी तिला हसून ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

आता खुलासा. टवका तुझ्या ओरडण्याने उडाला. तू येण्याआधी निम्मी मांडी कापून झाली होती आणि सुरीला काही झालं नव्हतं. नन्सनी तुला इंग्रजीत कविता म्हणायला शिकवलं, काट्याने वाटाणे खायला शिकवलं, पण धारेवर बसलेल्या माणसाच्या पाठीमागून ओरडू नये हे शिकवायचं राहून गेलं.

दिल्लीचा खाटीक मटण कापत नाही, फोडतो. रश्श्यात हाडाचा चुरा येतो. म्हणून मांडी अख्खी आणवली. श्रावस्तीला बढती मिळाली, मावशीच्या हातचं मटण व्हावं एवढीच माझी इच्छा होती. ते कसं झालं होतं हे तुझ्या नोटिशीत कुठे आलं नाही. चौघांनी दोनदा घेतलं, तू तीनदा घेतलंस, रागात.

फरशीवर बसले कारण मी जन्मभर फरशीवरच बसले. पायात धरली कारण आई विळा पायाच्या अंगठ्यात धरूनच मटण कापायची, आणि तेच मटण खाऊन तू गणितात पहिली आलीस. तुझ्या घरात विळी नाही. जी दुसरी सुरी आहे तिने लोणीसुद्धा कापलं जायचं नाही. तुझी जपानी मात्र चांगली आहे, हे मी कबूल करते. अशी धार मी पाहिली नव्हती. जोर लावावा लागत नाही, म्हणून तर घेतली.

गावाकडचं वाक्य मी विसरलेली नाही. लुंबिनीला ते लिहायला सांगितलं तर ती म्हणाली, आजी, हे कशाला? मी म्हटलं, तुझं काम लिहायचं. आपल्या बाबांनी गाव का सोडलं हे तुला माहीत आहे. त्या गावाचं नाव माझ्या तोंडावर मारायचं नाहीस, तेही श्रावस्तीच्या साहेबलोकांसमोर.

यातलं काही प्रफुल्लला कळवू नकोस. तो होळीला येतो आहे. घर विकायचं आणि मला पुण्याला न्यायचं हे त्याचं टुमणं चालूच असतं. यांनी बांधलेलं घर आहे, अंगणातला कढीलिंब मी लावलेला आहे, आणि पुण्यात त्याच्या सोळाव्या मजल्यावर मी करू काय? एकटीने जमतं तोवर राहा, एवढं त्याने कबूल केलं आहे. आणि मला जमतं.

श्रावस्तीला आशीर्वाद. तुझ्यावरची माया आटलेली नाही, तिला फक्त टवका उडाला आहे.

तुझी
कमलताई


आर. के. पुरम, नवी दिल्ली
सोमवार, दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. कमलताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

खुलासा मिळाला. असमाधानकारक आहे.

मटण उत्तम झालं होतं हे मान्य, त्याचा मुद्द्याशी संबंध नाही. माझ्या ओरडण्याबद्दल म्हणशील तर घरात चोर दिसल्यावर माणूस ओरडतो, आणि ओरडण्यामुळे चोरी झाली असं कोणी म्हणत नाही.

टवका घालवायचा एकच उपाय असतो. धारेची पूर्ण रेघ टवक्याच्या तळापर्यंत झिजवायची, म्हणजे बिघडलेल्या एका जागेसाठी बाकीच्या धडधाकट पात्याने मागे सरायचं. मी खडबडीत दगड मागवला आणि गेले दोन आठवडे रोज सकाळी चहानंतर घासते आहे. एकाच कोनात, बोटं पात्यावर दाबून, एका लयीत. परवा मनगट इतकं भरून आलं की आंघोळीचा तांब्या डाव्या हाताने उचलला. समोरच्या क्वार्टरमधल्या बाई विचारून गेल्या की आंटीजी, रोज सुबह ये आवाज़ कैसी. मी सांगितलं, बहीण येऊन गेली आहे.

आणि तू घरात दहा दिवस होतीस, त्याबद्दलही आता बोलते, कारण विषय निघालाच आहे. मला वाटलं होतं ताई येते आहे, तर ज्वारीची भाकरी मिळेल. पीठ गुरगावहून आणवून ठेवलं होतं. एकदाही परातीला हात लावला नाहीस. विचारलं तर म्हणालीस, दिल्लीच्या थंडीत पीठ मळवत नाही. वरणभात चमच्याने खाल्लास. हसले तर म्हणालीस, कॉन्व्हेंटच्या घरी कॉन्व्हेंटसारखं. जन्मभर नऊवारी आणि मग पाचवारी नेसलेली बाई दहा दिवस गाऊन आणि शाल घालून फिरली, पाहुण्यांसमोरसुद्धा. आराम करायला आली असतीस तर तसं सांगायचंस, मी पलंगावर चहा दिला असता. पण आराम करणारी बाई अचानक एका रविवारी उठून अख्ख्या बोकडावर चाल करून जाते, हे मला अजून जुळत नाही. दक्षता विभागात जे जुळत नाही त्यावर आम्ही लाल पेन्सिलने रेघ मारून ठेवत असू. मी मारून ठेवली आहे.

बाबांच्या गावाबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. त्यावर मी या पत्रात काही लिहीत नाही.

पुढचं उत्तर तुझ्या हातचं पाठव. घरातलं भांडण तिसऱ्या माणसाच्या अक्षरात मला वाचवत नाही. प्रफुल्लला मी काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही.

रागावलेली असले तरी धाकटीच आहे, हे ध्यानात ठेवून ममता असू द्यावी.

भानू


नागपूर
शनिवार, दि. ८ मार्च २०२५

चि. भानूस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

अक्षर पुन्हा लुंबिनीचंच आहे. चष्मा आला नाही. चष्मेवाल्याला माझी घाई नाही आणि मलाही त्याची नाही.

तुझ्या सुरीची भरपाई म्हणून विळी पाठवते आहे. आपल्या इतवारीतल्या लोहाराची आहे, पाट सागवानी. लुंबिनीची मामेबहीण शिवांगी दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन परीक्षांचा अभ्यास करते, तिच्याबरोबर येईल. तुझ्या जपानीइतकी देखणी नाही आणि तिच्यावर कोणाचं नाव नाही. पण तिच्यासाठी दगड भिजवावे लागत नाहीत, आणि ती पायाखाली धरली म्हणून कोणी गाडीत बसवून देत नाही.

तुला आईने विळीवर बसू दिलं नाही, तर आता मी शिकवते. वय काही झालेलं नाही. पाटावर उजवा पाय टेकव, डावा बाजूला मोड. भाजी डाव्या हातात घट्ट धर. उजव्या हाताने काही पकडायचं नाही. नुसता तळवा मागून लावायचा आणि पुढे रेटायचं. सगळं वजन खांद्यातून येऊ दे. आधी दुधी घे, मऊ असतो. मग वांगी. बोटं जातील ही भीती काढून टाक, मला सवय झाली तशी तुलाही होईल.

चमच्याचं आणि गाऊनचं लिहिलंस. दहा दिवस राहायला आलेल्या बहिणीचे कपडे मोजणारी तूच. भाकरी जमली नाही, बोलून दाखवलंस, झालं. मटण तरी माझ्या हातचं मिळालं ना? तेवढं मला करायचंच होतं. अजून करता येतं, एवढं बघायचं होतं.

प्रफुल्ल बारा तारखेला येतो आहे. त्या दिवसांत फोन करू नकोस. तुझा आवाज फोनबाहेर अंगणापर्यंत येतो आणि तू काय विचारशील याचा नेम नाही. पुरणपोळ्या लुंबिनीची आई करून देणार आहे, मी केल्या असंच त्याला सांगायचं ठरलं आहे.

विळी पोचल्याचं कळव. मोठीला धाकटीवर राग धरवत नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे आणि तू त्याचा फायदा घेतेस.

तुझी
कमलताई


आर. के. पुरम, नवी दिल्ली
मंगळवार, दि. २५ मार्च २०२५

ती. कमलताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

विळी पोचली. गेटवरच्या गार्डने शिवांगीला अडवून ठेवलं होतं, पिशवीत हत्यार आहे म्हणून. मी खाली जाऊन त्याला पात्याच्या टोकाचं खोबरं खवायचं फूल दाखवलं तेव्हा त्याने सोडलं. श्रावस्तीने विचारलं की मम्मी, ये चीज़ क्या है. पस्तीस वर्षांची अधिकारी मुलगी, आणि तिला विळी ओळखता येत नाही. पण मी कोणत्या तोंडाने बोलणार?

काल श्रावस्ती ऑफिसला गेल्यावर मी फरशीवर बसले. गुडघ्यांनी आक्षेप नोंदवला, तो मी फेटाळला. दुधी घेतला. तुझं पत्र समोर उघडून ठेवलं आणि तू लिहिलंस अगदी तसं केलं. डाव्या हाताने धरलं, उजवा तळवा मागून लावला आणि रेटलं. दुधी फिरला. पुन्हा रेटला, पुन्हा फिरला, तिसऱ्या वेळी ओट्याखाली गेला. मी तिथेच बसून राहिले, कारण आईचे हात मला डोळ्यांसमोर दिसत होते. मला तिने बसू दिलं नाही, पण पाहू दिलं होतं. उंबऱ्यावर पुस्तक घेऊन मी रोज पाहत असे. तिचा उजवा हात कधी उघडा नसायचा. वांगं दोन्ही हातांच्या मुठीत असायचं, उजव्या हाताची चार बोटं वर, अंगठा खाली, आणि तोच हात ते फिरवायचा. तूही अगदी तशीच चिरायचीस. हे तू मला शिकवलंस ते आईचं नाही, ताई. ते तू अलीकडे शोधून काढलेलं आहेस.

मग मी उठले, माझी सुरी घेतली, परत बसले, आणि तिची मूठ पायाखाली धरली. माझं नाव कोरलेली सुरी, माझा पाय. पाहायला कोणी नव्हतं. सुरी जागची हलली नाही, चांगली धरली जाते. आणि मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, तर त्याला काही कामच उरलं नव्हतं.

सुरी पायात का धरली, याचं उत्तर मी दोन महिने तुझ्याकडून मागत होते. ती धरायला हात नव्हता म्हणून.

चमचा तू डाव्या हातात धरत होतीस. मी दहा दिवस समोर बसून ते पाहिलं आणि हसले. साडीच्या निऱ्या एका हाताने घालता येत नाहीत. भाकरी एका हाताने थापता येत नाही. चष्म्याचा नंबर बदलला म्हणून जिला लिहिता येत नाही, ती माझ्या स्वयंपाकघरात चष्म्याशिवाय तांदूळ निवडत होती. डाव्या हाताने. चौतीस वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या आणि माझ्या बहिणीचं अक्षर पत्रातून नाहीसं झालं, तर मी तिच्यावर शेजारणीला भांडणात ओढल्याचा आरोप ठेवला.

तर आता आदेश ऐक.

सुरीबद्दलचा आरोप मी मागे घेते. टवका माझ्या ओरडण्याने उडाला हे तुझं म्हणणं ग्राह्य धरलं आहे. निघून गेल्याचा आरोपही मागे घेते, तुझ्या जागी मी त्याच रात्रीची गाडी पकडली असती. गावाबद्दलचं वाक्य मी काढून टाकते. ते नुसतं इथे काढलेलं नाही. त्या दिवशी जेवायला आलेल्या चौघांना काल संध्याकाळी मी एकेक करून फोन केला आणि सांगितलं की त्या दिवशी चूक माझ्या ताईची नव्हती, माझी होती. एकाने मटणाची कृती विचारली. त्याला मी तुझ्याकडे पाठवणार आहे.

नवा आरोप मात्र ठेवते आहे, आणि तो मोठा आहे. लपवणे. प्रफुल्लपासून लपवलंस ते मी समजू शकते. त्याला कळलं की तो दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावेल, आणि कढीलिंबाला पाणी घालायला माणूस ठेवून मोकळा होईल. पण माझ्यापासून? मी काय केलं असतं असं तुला वाटलं? ओरडले असते, हे खरं. त्याने हात बरा होत नसतो, हेही खरं. पण मी ओरडून झाल्यावर काहीतरी करते, एवढं तुला साठ वर्षांत कळायला हवं होतं.

आता काय करणार ते सांगते. प्रफुल्लला मी एक शब्द सांगितलेला नाही. तो तुझा मुलगा, तूच सांगशील, पण डॉक्टरचा कागद हातात आल्यावर, आधी नाही. तोवर तुझ्या पुरणपोळ्यांची लबाडी माझ्याकडे सुरक्षित आहे. इथे एका मोठ्या रुग्णालयात हाता-मानेच्या नसा पाहणाऱ्या डॉक्टरची वेळ मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात घेऊन ठेवली आहे. कुठे नस दबली असेल तर त्याला उपाय असतो. दुसरं काही असेल तर ते तुझ्या गप्प बसण्याने कमी होणारं नाही. तुला त्या घरात राहायचं आहे ना? मग हाताचं सोंग चालणार नाही, हाताचा इलाज लागेल. इलाजानंतरही प्रफुल्ल हट्टाला पेटला तर त्याच्याशी भांडायचं काम माझं. तुझ्यासारख्या खमक्या आरोपीला मी मार्गावर आणते आहे, तो तर इंजिनिअर आहे.

सुरी पूर्ण झाली, हे सांगायचं राहिलं. टवका गेला. पातं थोडं अरुंद झालं, ते फक्त मला कळतं. काल तिने टोमॅटो चिरला, पूर्वीसारखाच. नावाला धक्का लागलेला नाही. तू येशील तेव्हा ती तुझ्या डाव्या हातात देणार आहे. ओट्यापाशी, उंच खुर्चीवर बसवून, सुरीखाली लाकडी पाट ठेवून. जोर लागत नाही, हे तूच लिहिलं आहेस. आणि तुझ्या विळीवर मी बसणार आहे. तू शिकवायचं, पण आईचं शिकवायचं, तुझं हे नवीन नाही.

तुझ्या मायेला टवका उडाला असं तू लिहिलं होतंस. तो कसा घालवतात हे मला आता येतं. उरलेली माया आपल्या जागी असू द्यावी.

या पत्राचं उत्तर सोमवार, दि. १४ एप्रिल २०२५ च्या आत मला लेखी मिळालं पाहिजे. तू येतेस की मी न्यायला येऊ, एवढी एकच ओळ पुरे. ती तुझ्या हातची हवी. उजव्याने जमेल तेवढी, नाहीतर डाव्याने. वाकडी चालेल, वाचता आली नाही तरी चालेल. लुंबिनीचं अक्षर ग्राह्य धरलं जाणार नाही.

भानू